व्हर्ना झुर्कोचा जास्तीचा डी

आमच्या गावाला नाव नाही, नंबर आहे. नऊ. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात कोळशाची नववी खाण जिथे खणली, तिथे कंपनीनं मजुरांसाठी घरांच्या दोन रांगा उभ्या केल्या आणि नाव शोधायचा कंटाळा केला. खाण बुडून साठ वर्षं होत आली, तरी पाकिटावर 'नंबर नऊ' लिहिलं की पत्र बरोबर पोचतं.

गावाच्या कडेनं ओढा जातो. सरकारी नकाशात त्याचं नाव ट्राउट रन; 'रन' म्हणजे इकडे ओढाच. ट्राउट म्हणजे थंड, स्वच्छ पाण्यातला ठिपक्याठिपक्यांचा देखणा मासा, आणि ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्यानं तो तिथे पाहिलाच असणार. आम्ही मात्र ओढ्याला पिवळी म्हणत आलो, कारण बंद खाणीतलं पाणी त्यात उतरायचं आणि आम्ही पाहिला तो ओढा हळद कालवल्यासारखा. मासा सोडाच, त्यात बेडूकही राहत नव्हता. अशा ओढ्याच्या काठी ट्राउट धरणाऱ्यांचा क्लब आहे म्हटल्यावर बाहेरचे लोक फिदीफिदी हसतात. हसू देत. एकोणतीस सभासद आहेत आमचे, आणि त्यांतल्या अठ्ठावीस जणांना जी धाकात ठेवते ती व्हर्ना झुर्को.

व्हर्ना एकाहत्तर वर्षांची. उंची पाच फूट, तीही बूट घालून. तिनं शर्टाच्या कारखान्यात एकतीस वर्षं कॉलरी शिवल्या. कारखाना बंद पडला तेव्हा तिच्या विभागातल्या बाया रडल्या, आणि व्हर्नानं आपल्या मशीनला शेवटचं तेल घातलं, पुसलं आणि मगच बाहेर पडली. नवरा एमिल क्लबाच्या पहिल्या सात जणांतला. तो गेल्यावर त्याची पाण्यात उतरायची रबरी पाटलून परत करायला ती मंगळवारी क्लबात आली, कुणीतरी वहीत चुकीची बेरीज करत होतं ती तिला बघवेना, आणि त्या दिवसापासून ती क्लबाची चिटणीस आहे. निवडणूक वगैरे कधी झाली नाही. झाली असती तरी उभं कोण राहणार होतं?

क्लबाचं वर्ष जानेवारीत कोंबडीच्या पिसांनी सुरू होतं. दर मंगळवारी दुपारी फायर ब्रिगेडच्या हॉलात टेबलं मांडतात आणि गळावर बांधायच्या खोट्या माश्या करायला शिकवतात. एवढासा आकडा, त्यावर दोरा, पीस, हरणाचा केस. खाणीत आणि ट्रकवर आयुष्य काढलेल्या माणसांची बोटं जाडजूड. व्हर्ना त्यांच्या पाठीमागून फिरते. "ही माशी आहे का? ही तर उशी झाली. मासा धरायचाय की झोपवायचाय त्याला?" कॉलरीचं टोक एकतीस वर्षं बिनचूक वळवलेले तिचे हात मग ती उशी सोडवून परत बांधतात. मार्चमध्ये काठचा कचरा उचलायचा, जुने टायर, एकदा तर अख्खं धुलाई यंत्र. एप्रिलमध्ये मासेमारीचा हंगाम उघडतो, त्या पहाटे हॉलात न्याहारी, आणि मग सगळे गाड्या घेऊन डोंगरापलीकडच्या नदीवर, कारण आपल्या ओढ्यात काही नाही. उन्हाळ्यात काठाला ओंडके रोवायचे, म्हणजे पाणी खोल आणि गार राहतं. शरद ऋतूत चुनखडी.

चुनखडीचं थोडं सांगायला हवं. खाणीतलं पाणी आंबट असतं. क्लबानं चोवीस वर्षांपूर्वी खाणीच्या तोंडाशी तळी खणली, त्यांत चुनखडीचे दगड भरले, पिवळा गाळ तिथेच बसायला लागला. त्याशिवाय दर वर्षी नोव्हेंबरात ट्रक भरभरून चुनखडीची वाळू ओढ्याच्या काठावर ओतायची. पुढे हिवाळ्याचं पाणी तिला हळूहळू खाली नेतं आणि आंबटपणा मारतं. ट्रक चालवतो स्टॅश, व्हर्नाचा धाकटा दीर, वय पंचाहत्तर. कुठे ओतायची त्या जागी झाडाला लाल फीत बांधायची आणि हॉलातल्या फळ्यावर यादी लिहायची, असा क्लबाचा रिवाज. 'लाल, जुना पूल.' 'लाल, दुसरं वळण.' इंग्रजीत अर्थातच, 'रेड', आर-ई-डी.

व्हर्ना दर रविवारी चर्चमधून परस्पर ओढ्यावर जाते, चांगल्या कपड्यांवर एमिलची पाटलून चढवते आणि बाटलीत पाणी घेऊन त्याचा आंबटपणा मोजते. पाऊस असो, बर्फ असो. दर वर्षी आकडा एवढा-एवढासा सुधारत होता. डोंगरावर, खाणीच्याही वर, एका झऱ्यात मूळचे ट्राउट जीव धरून होते, हे क्लबाला ठाऊक होतं. ते खाली यावेत, इथे राहावेत, इथे अंडी घालावीत, यासाठी हा सगळा खटाटोप. खाली फिरकलेला एखादा मासा दोन-तीन वर्षांत दिसलाही होता. पण पाहुणा येऊन गेला म्हणजे घर बसलं असं होत नाही. सरकारी कागदावर आमचा ओढा अजून 'मृत' होता.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी व्हर्ना घरटी शोधायला निघाली. हेही दर वर्षीचं काम. ट्राउटची मादी शेपटीनं तळाचे खडे झाडून थाळीएवढी जागा लख्ख करते आणि त्यात अंडी घालते. त्या जागेला 'रेड' म्हणतात. आमच्या भागात हा शब्द घराघरात आहे. आई पोरीला म्हणते, पाहुणे यायचेत, स्वयंपाकघर रेड कर, म्हणजे आवर, झाडून-पुसून घे. माशाच्या मादीलाही तेच करताना पाहून जुन्या कुणीतरी तोच शब्द दिला असणार. उच्चार लाल रंगाचाच. लिहिताना मात्र शेवटी दोन डी.

वरच्या झऱ्यापासून ती खाली चालत आली. वाकलेल्या हेमलॉकच्या झाडापाशी, अगदी काठाला लागून, पिवळट तांबूस दगडांमध्ये तिला एक थाळीएवढी जागा दिसली. खडे धुतल्यासारखे. पांढरे, करडे, एक निळसर. आणि त्याच्या वर, प्रवाहाकडे तोंड करून, वीतभर लांबीचा मासा पाण्यात जागच्या जागी हलत होता.

व्हर्ना मटकन काठावर बसली आणि रडली. ती रडली हे तिनं नंतर स्वतःच सांगितलं, तेही अशा सुरात की जणू कुणी विचारलं तर बघून घेईन. तासभर ती बसून होती. मग उठली, तडक हॉलात गेली आणि कुणी त्या बाजूला पाय ठेवू नये म्हणून फळ्यावर, चुनखडीच्या यादीखाली, ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'रेड, वाकलेलं हेमलॉक.' दोन डी. मग घरी जाऊन सरकारच्या मत्स्यखात्याला क्लबाच्या नावानं पत्र लिहिलं की आमच्या ओढ्यात ट्राउटनं घर केलंय, येऊन बघा, आणि पोस्टाची पेटी उघडायच्या आत टाकलंसुद्धा.

सोमवारी अकरा वाजता फोन वाजला. स्टॅश.

"व्हर्ना, शाळेपासून तुझं स्पेलिंग काही सुधारलं नाही हं. पण काळजी नको. तुझ्या हेमलॉकपाशीही ओतली एक गाडी."

"काय ओतलीस?"

"चुनखडी. फीत सापडली नाही, वाऱ्यानं उडाली असेल. पण फळ्यावर होतं, म्हटलं व्हर्नाचा शब्द खाली पडायला नको."

व्हर्नानं फोन कानाला धरूनच कोट अंगात चढवला.

"तू कुठे आहेस?"

"इथंच. का गं?"

"हलू नकोस. ट्रकलाही हात लावू नकोस. आले मी."

ती पोचली तेव्हा काठावरून पाण्यात उतरलेला करड्या वाळूचा ढीग छातीएवढा होता. वीस टन. हेमलॉकच्या मुळ्यासुद्धा दिसत नव्हत्या.

"स्टॅश, लाल रंगात डी किती?"

"एक."

"मी किती लिहिले?"

"दोन. म्हणून तर म्हटलं की तुझं स्पेलिंग..."

"दोन डींचं काय होतं?"

स्टॅशनं टोपी काढली. ढिगाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत ढिगाकडे. "अगं पण तो शब्द... तो लिहितात? मी तर समजत होतो तो नुसता बोलायचा." आणि त्याच्या तोंडाचा रंग उडाला.

आता यात चूक कुणाची, यावर गावात अजून दोन तट आहेत. व्हर्ना म्हणते माझी, फळा चुनखडीचा होता, मी घरट्याचं तिथे लिहायला नको होतं. स्टॅश म्हणतो माझी, फीत नाही म्हटल्यावर थांबायला हवं होतं. माझं विचाराल तर जिथे आवरणं, अंडी घालणं आणि लाल रंग या तिन्हींना तोंडानं एकच शब्द पुरतो, तिथे हे कधीतरी व्हायचंच होतं.

स्टॅशनं ट्रकमधून फावडं काढलं. व्हर्नानं त्याचं मनगट धरलं.

"ठेव ते."

"उपसतो की सगळं. रात्र झाली तरी चालेल."

"खाली अंडी आहेत. तू वर नाचलास तर उरलीसुरलीही चिरडतील. चल घरी. काही खाल्लंस का सकाळपासून?"

तिनं त्याला घरी नेऊन हलुश्की वाढली, लोण्यात परतलेली कोबी आणि शेवया. तो खाली मान घालून जेवला. तिनं त्याच्या ताटात आणखी वाढलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं स्टॅश पुढे कितीतरी दिवस सांगत होता.

हिवाळाभर क्लबाला चघळायला विषय मिळाला. व्हर्नाचं नाव पडलं 'दोन डी'. हॉलातल्या कॉफीच्या डब्यावर कुणीतरी एक ई वाढवला, साखरेवर आणखी एक आर आला, आणि एका मंगळवारी बघतो तर पुरुषांच्या मोरीच्या दारावरच्या पाटीतही एन दोन झालेले. व्हर्ना वाचायची, मान हलवायची आणि म्हणायची, "मास्तर लोक आहात सगळे." पण थट्टेच्या आड दुसरी एक कुजबुज होती, ती तिला जास्त लागली. घरटं खरंच होतं का? एकटीनं पाहिलं. वय झालंय. कुत्र्यानं उकरलेली जागाही तशी दिसते.

जानेवारीत मत्स्यखात्याचं उत्तर आलं. जुलैत माणसं पाठवू. त्या वर्षीची पिल्लं मिळाली तर ओढा जिवंत धरला जाईल. न मिळाल्यास पुढची पाळी दहा वर्षांनी.

क्लबाचा अध्यक्ष लिओ पेट्रस्की पत्र हातात धरून तिच्या टेबलाशी आला. लिओ भला माणूस. जन्मभर पोस्टात होता, त्यामुळे कागदाला भिऊन असतो.

"व्हर्ना, मागे घे हे. लिही की पुढच्या वर्षी या. या वर्षी एकच घरटं होतं आणि त्यावर आपण वीस टन..."

"लिहिलं ते लिहिलं."

"अगं दहा वर्षं! आत्ता आले आणि काही नाही मिळालं तर तू ब्याऐंशीची होशील तोवर कुणी ढुंकून बघणार नाही. आणि क्लबाची शोभा होईल ती वेगळीच."

"मी पाहिलंय लिओ. मी पाहिलं नाही असं मी लिहून देणार नाही."

लिओला वाटलं हट्टी आहे. आहेच. पण त्या हट्टाला मूळ आहे, आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक असून कुणी तिच्यासमोर काढत नाही. खाण चालू होती तेव्हा खालचं पाणी उपसायला पंप होता, रात्रंदिवस धडधडणारा. तो चालवायचे तिचे वडील. खाण परवडेना झाली तेव्हा कंपनीचा हुकूम आला आणि पंपाचा खटका त्यांनी खाली ओढला. त्यांनी नसता ओढला तर दुसऱ्यानं ओढला असता. दोन वर्षं खाणीत पाणी चढत राहिलं आणि एका मार्चमध्ये जुन्या बोगद्यातून भसाभसा बाहेर पडलं. व्हर्ना तेरा वर्षांची. शाळेत पोरं म्हणायची, तुझ्या बापानं ओढा रंगवला. वडील त्यानंतर वीस वर्षं जगले, आणि वीस वर्षं त्यांनी चर्चला जाताना लांबचा रस्ता धरला, ओढा लागू नये म्हणून. तिनं ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. रविवारी ती चर्चमधून सरळ ओढ्यावर का येते, हे आता मी वेगळं सांगत नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि ढीग निम्मा वाहून गेला. एप्रिलमध्ये हंगाम उघडला, सगळे डोंगरापलीकडे गेले. व्हर्ना गेली नाही. ती बाटली घेऊन पुलावर उभी होती. त्या दिवशी पाण्याचा आकडा चोवीस वर्षांतला सगळ्यात चांगला आला. तिनं तो वहीत लिहिला आणि कुणाला सांगितला नाही, कारण सांगितलं असतं तर स्टॅशला वाटलं असतं की ती त्याची समजूत घालते आहे.

जुलैच्या एका गुरुवारी मत्स्यखात्याची गाडी आली. टेरेसा ओबर्ली नावाची तिशीतली तज्ज्ञ बाई आणि जाळीवाले दोघं. पाठीवर विजेचं यंत्र घेऊन ती पाण्यात उतरते, दांडी बुडवते, आसपासचे मासे क्षणभर बधिर होऊन वर येतात, जाळीवाले टिपतात, मोजतात आणि परत सोडतात. पुलापासून वर चढत जायचं, तीनशे मीटर. क्लबाचे पंधरा-सोळा जण काठावर टोप्या घालून उभे, मयताला आल्यासारखे.

"नोंदी कोण लिहील?" ओबर्लीनं विचारलं.

"मी," व्हर्ना म्हणाली. "स्पेलिंग बघून घ्या नंतर."

कुणीतरी खुसखुसलं. लिओनं त्याच्याकडे डोळे वटारले.

पन्नास मीटर. चिखलातले बारके मासे, सहा. खेकडे. ट्राउटच्या रकान्यात शून्य. शंभर मीटर. पुन्हा तेच. व्हर्नाचं अक्षर कॉलरीच्या शिलाईसारखं सरळ, पण शून्य काढताना पेन्सिल कागदात रुतत होती. स्टॅश तिच्या मागे चार पावलांवर चालत होता. तो आदल्या आठवड्यात पाद्रीबाबांकडे जाऊन आला होता, एवढं मला माहीत आहे. काय बोलला ते नाही.

एकशे दहावर ओबर्ली थांबली. दांडी मागे घेतली, पुन्हा घातली. "जाळी! डावीकडे, काठाला!" जाळीवाल्यानं पाण्यातून हात काढला. जाळीत बोटाएवढं काहीतरी चमकलं.

"काय आहे?" लिओ ओरडला.

तिनं मापपट्टीवर ठेवलं. सहा सेंटिमीटर. दोन्ही कुशींवर ओळीनं गडद डाग, कुणी शाईच्या बोटांनी चिमटीत धरल्यासारखे. "ब्रुक ट्राउट," ती म्हणाली. "या वर्षीचं पिल्लू. लिहा, मिसेस झुर्को."

व्हर्नानं एक लिहिला. मग दोन. मग तीन. दोनशे मीटरपर्यंत अकरा झाले. काठावर आता कुणी शांत उभं नव्हतं. लिओ, सदुसष्ट वर्षांचा लिओ, गवतातून उड्या मारत बरोबरीनं पळत होता. हेमलॉकपाशी पोचले तेव्हा रकान्यात तेवीस होते.

पण हेमलॉकखाली, वाळूच्या ढिगापाशी, एकही नाही. ओबर्लीनं तीन वेळा दांडी घातली. वरही काही नाही.

"इथलं घरटं गेलं," व्हर्ना म्हणाली.

"इथलं गेलंच असेल," ओबर्ली म्हणाली. "पण ही पिल्लं इथली नाहीतच. इथून खाली शंभरेक मीटर पसरलीत, मापंही वेगवेगळी आहेत. खाली निदान चार-पाच घरटी असणार. तुम्ही शरदात मोजली तेव्हा दिसली नाहीत?"

व्हर्नाचा चेहरा असा झाला की स्टॅशला वाटलं चक्कर येतेय. तो पुढे झाला. पण ती हसत होती, डोळे पुसत होती आणि हसत होती.

"मी खाली गेलेच नाही," ती म्हणाली. "एक दिसलं आणि मी बसले. तिथेच बसून राहिले गं बाई. वरून सुरुवात केली आणि पुलापर्यंत मोजायचं सोडून फळ्याकडे पळाले. चिटणीस म्हणे!"

"आणि तुमच्या पाण्याच्या नोंदी बघितल्या मी," ओबर्ली म्हणाली. "या वसंतात आकडा एकदम वर गेलाय. ही गाडी इथे रिकामी झाली नसती तर खालची अंडी तगली असती की नाही, सांगता येत नाही."

स्टॅशनं हे ऐकलं. ओढ्याकडे पाठ करून तो हेमलॉकच्या खोडाला हात लावून उभा राहिला. मग वळून म्हणाला, "दोन डी, तुझा तो जास्तीचा डी मला दे. मी त्याची फ्रेम करून घेतो." आणि ती त्याला वहीनं मारायला धावली.

त्या संध्याकाळी नऊमध्ये जे झालं त्याला दिवाळी म्हणायला हरकत नाही. कुणी सॉसेज भाजली, कुणी तळघरातली बाटली काढली. ऑगस्टच्या शेवटी कागद आला. ट्राउट रन, नैसर्गिक पैदाशीचा ट्राउट, जिवंत ओढा. लिओनं तो काच लावून हॉलात टांगला, आणि मला सांगायला लाज नाही वाटत, मी तो रोज जाऊन वाचायचो. आमच्या आजोबांनी मारलेला ओढा आमच्या लोकांनी उठवला. बाहेरून भाड्यानं माणूस आणला नव्हता. वाळूही आमची, ट्रकही आमचा, चूकही आमचीच.

मग सप्टेंबरची सभा. हॉल भरलेला, सगळेच्या सगळे हजर. वातावरण असं की जणू एप्रिल उद्यावर आला. कोण कुठल्या वळणावर उभं राहणार याच्या वाटण्या चालल्या होत्या. स्टॅश सगळ्यांत पुढे. त्याचं घर रांगेत शेवटचं, स्वयंपाकघराची खिडकी ओढ्यावर उघडते. "जन्मभर चाळीस मिनिटं गाडी हाणली मासा धरायला," तो सांगत होता. "आता चपला घालून जाणार. चूल पेटती ठेवून. बायकोनं हाक मारायच्या आत परत."

व्हर्ना उभी राहिली. "चिटणीसाचा एक ठराव आहे."

"लिहून आणलाय का?" मागून कुणीतरी. "स्पेलिंग बघू!" हशा.

हशा संपेपर्यंत ती थांबली. "पुलापासून वरच्या झऱ्यापर्यंत तीन हंगाम आपल्यापैकी कुणी गळ टाकायचा नाही. पाण्यात पायही घालायचा नाही, मोजणीचा दिवस सोडून. सरकारचा कायदा आपल्याला धरू देतो, मला माहीत आहे. मी आपलं सांगतेय. तेवीस पिल्लं आहेत. ती मोठी होऊन त्यांनी आवरायला घेईपर्यंत आपण त्यांच्या घरात शिरायचं नाही."

मासे धरणाऱ्यांचा क्लब तो. साठ वर्षं ज्या ओढ्याची वाट पाहिली त्यात गळ टाकू नका म्हणायचं, म्हणजे जेवणाच्या ताटावरून उठवणं.

"तीन वर्षं," लिओ हळूच म्हणाला. "व्हर्ना, इथे बसलेल्या निम्म्यांना डॉक्टरनं तीन वर्षांची खात्री दिलेली नाही."

व्हर्ना ताठ उभी होती. स्टॅशकडे ती मुद्दाम बघत नव्हती. सगळा हॉल मात्र त्याच्याकडेच बघत होता. गेल्या हिवाळ्यात त्याच्या छातीत दोनदा नळी घातलेली, हे कुणाला ठाऊक नव्हतं?

"म्हणजे मी अठ्ठ्याहत्तरचा होईन," स्टॅश म्हणाला.

"हो."

"आणि तेव्हा धरलाच, तर परत सोडायचा?"

"सोडायचा."

"च्यायला," स्टॅश म्हणाला आणि त्यानं हात वर केला.

त्याच्यामागे एक हात वर गेला, मग तीन, मग खुर्च्या करकरल्या आणि सगळ्या रांगा वर. सगळ्यांत शेवटी लिओनं चष्मा काढून पुसला आणि हात वर केला. मोजायचं काम चिटणीसाचं. व्हर्ना पहिल्या रांगेपासून मोजायला लागली, बारावर अडकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा अडकली. डोळ्यांसमोर सगळे हात एकमेकांत मिसळत होते.

"मोज की गं पटपट," स्टॅश ओरडला. "खांदा दुखतोय माझा."